संघ बदलला की आठवतो बिभीषण

आवडत्या खेळाडूने संघ बदलला की मराठी चाहत्यांची थट्टा थेट महाकाव्यांकडे वळते. हार्दिक पंड्या 2015 पासून मुंबई इंडियन्समध्ये होता. पुढे गुजरात टायटन्सचा कर्णधार म्हणून त्याने 2022 चे आयपीएल विजेतेपद जिंकले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तो मुंबईत परतला. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी डिसेंबरमध्ये त्याला कर्णधार केले गेले. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळीच त्याची हुर्यो उडाली.

अशा वेळी ‘घरभेदी’ शब्दासोबत बिभीषण हमखास येतो. समर्थ रामदासांनी रामायणाची सुंदर व युद्ध ही कांडे रचली. बिभीषण रावणाला सोडतो तो युद्धकांडात, पण अन्याय पटत नाही म्हणून. त्यामुळे ही उपमा खेळाडूवर अन्यायच करते. शल्य अधिक चपखल: नकुल-सहदेवांचा हा मामा दुर्योधनाच्या पाहुणचाराने बांधला गेला आणि कौरवांकडून लढला. मित्र सीझरवर उलटलेला शेक्सपिअरचा ब्रूटस मात्र इथे बसत नाही. कारण कर्णधार बदलण्याचा निर्णय हार्दिकचा नव्हे, संघमालकांचा होता.