इंग्रजीचा तास आणि फळा

सन १९८७ मध्यें मध्यवर्ती सरकारनें 'खडू-फळा' योजना हातीं घेतली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व अवश्य तीं साधनें मिळावींत, हा तिचा हेतु होता. पुढें सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी विषय सुरू झाला. परंतु इंग्रजीच्या तासाला फळ्यावर काय व कसें लिहावें, ह्याचा विचार व्हावा तितका होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या घरीं इंग्रजी जाणणारें कोणी नाहीं, तेथील मुलाला फळ्यावरून वहींत उतरलेलें इंग्रजी हाच मोठा आधार असतो. फळ्यावरची एक चूक चाळीस वह्यांत जाते!

फळ्याचे तीन भाग कल्पावेत. डावीकडे नवे शब्द लिहावेत. ते तास संपेपर्यंत पुसूं नयेत. मधला भाग वाक्यांसाठीं, आणि उजवीकडील अरुंद पट्टी चित्रें व आयत्या वेळच्या शंका यांसाठीं राखावी. नुसता 'अंब्रेला' न लिहितां 'ॲन अंब्रेला' लिहावें, म्हणजे मराठींत नसलेलें तें उपपद शब्दाबरोबरच मुलाच्या मनांत ठसतें.

'राम आंबा खातो' ह्या वाक्याखालीं 'राम ईट्स अ मँगो' हें वाक्य लिहून दोन्ही क्रियापदें रंगीत खडूनें लिहावींत. मराठी क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजी कर्त्याच्या पाठोपाठ येतें, हें मूल डोळ्यांनींच पाहतें. मात्र रंग एकदोनच असावेत. फळ्याची रांगोळी होऊं नये. तसेंच आधीं मुलांकडून उत्तर काढावें, मग लिहावें. आणि बोलतांना तोंड वर्गाकडे असावें, फळ्याकडे नव्हे.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती पुसण्याची युक्ति. चार ओळींचा संवाद फळ्यावर लिहून वर्गाकडून वाचवून घ्यावा. प्रत्येक वाचनानंतर दोनतीन शब्द पुसून तेथें रेघ ओढावी, आणि पुसलेल्या शब्दांसह संवाद पुन्हां म्हणवून घ्यावा. शेवटीं फळा कोरा होतो आणि संवाद मुलांच्या तोंडीं राहतो.

घरच्या वडील मंडळींसही ह्यांत करण्याजोगें आहे. सायंकाळीं मुलाची वही पाहावी, मग ती मिटून, "आज फळ्यावर काय होतें?" असें विचारावें. त्यानें दोन वाक्यें न अडखळतां म्हटलीं, तर तास सार्थकीं लागला असें समजावें. वही सुंदर, पण मूल मुकें, असें आढळल्यास शिक्षकांस भेटून तें सौजन्यानें सांगावें.