टी.व्ही. नवा आला, पण आबांच्या कॅसेटी?

आमची खोली दहा बाय बाराची. तीत कपाट, दिवाण, आबांची खाट आणि दहावीला बसलेल्या मुलीचे घडीचे टेबल. दिवाळीच्या बोनसात नवा टी.व्ही. घ्यावयाचा ठरला. दुकानदाराने ५५ इंची संच दाखविला आणि मोठ्या संचांवरचा कर उतरल्याचे ऐकविले. खरे आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील संचांचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला. पण ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीपासूनच १८ टक्के होता, हे मात्र त्याने सांगितले नाही. हप्त्याचा कागद त्याच्याच टेबलावर ठेवून आम्ही घरी आलो आणि शिवणकामाची टेप काढली.

इंचाचे माप रुंदीचे नसते, ते एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे असते. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सें.मी. रुंद भरतो, ४३ इंची सुमारे ९५. खाटेपासून भिंत सहा फूट, तेव्हा ४३ इंची चालला असता. पण त्याच भिंतीवर मुलीच्या पुस्तकांचे फडताळ आहे. फडताळ हलवायचे नाही, असे सौ.ने ठरविले; आम्ही ३२ इंची घेतला. तोही विटांच्या भिंतीवर लावला. प्लायवुडच्या पार्टिशनवर ब्रॅकेट ठोकू नये. आणि पडदा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, छताशी टांगला की मान धरते.

वाहिन्यांसाठी डी.डी. फ्री डिश घेतली. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच, दर महिन्याचे भाडे नाही.

खरी कटकट आवाजाची झाली. हे पातळ संच म्हणजे पोकळ डबे; आत लहानसे स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. आबांना बोलणे कळेना, ते आवाज वाढवीत. शेवटी मुलगीच म्हणाली, "आबा, तुमच्या बातम्या मला पाठ झाल्या, इतिहास मात्र झाला नाही." आबा काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ते आम्हांला फार लागले. साउंडबार आणला असता तर भांडणच मोठे झाले असते! आम्ही आबांना वायरचा हेडफोन आणला आणि वायर लांब करून घेतली. आपला संच घेताना हेडफोनचे भोक किंवा ब्लूटूथ आहे का, हे दुकानातच पाहावे. आता संध्याकाळी मुलीचा अभ्यास आणि आबांच्या बातम्या एकाच खोलीत चालतात.

जुना डी.व्ही.डी. प्लेअर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा, नव्या संचाला फक्त एच.डी.एम.आय. मध्ये जोडावयाचा लहान कन्व्हर्टर मिळतो, त्याने काम भागले. पण आबांच्या कॅसेटींचे काय? आबा गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. वस्तीतल्या कार्यक्रमांच्या अकरा कॅसेटी ट्रंकेत होत्या, त्यांत कोरसला आमची आई. ती जाऊन नऊ वर्षे झाली. तिचा आवाज दुसरीकडे कोठेच नाही.

टेपरेकॉर्डर भंगारात द्या, असे एका दुरुस्तीवाल्याने सांगितले. दुसऱ्याने फक्त आतला पट्टा बदलला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसले. कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही दात आधी मोडले, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी गाणे पुसले जात नाही. मग टेप एकदा पुढे, एकदा मागे फिरवून सैल केली. हेडफोनच्या भोकातून वायर पुतण्याच्या संगणकाला जोडली. ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट मिळतो. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. दोन पेन ड्राइव्ह केले, एक बहिणीकडे ठेवला.

रविवारी दुपारी दुसरा टी.व्ही.ला लावला. पडद्यावर काहीच नव्हते, नुसती ढोलकी. तिसऱ्या गाण्याला आईचा आवाज आला. आबांनी हेडफोन बाजूला ठेवला, "मोठा कर," म्हणाले. मुलीनेच उठून आवाज वाढविला.

सात कॅसेटी झाल्या. चारांच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. त्या तशाच यंत्रात घातल्या तर फीत खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागते, म्हणून वेगळ्या पिशवीत कोरड्या जागी ठेवल्या आहेत. हे काम जाणणारा माणूस आम्ही शोधत आहोत.