उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका

देवनार म्हटलं की बकऱ्यांचा बाजार आठवतो. तिथंच १९२७पासून मुंबईचा कचरा साठत गेला, त्याचे डोंगर झाले, भोवती वस्त्या वसल्या. शौचालयाला रांग, म्हणून तिथल्या कितीतरी बाया पाणीच कमी पितात, लघवी तुंबवतात. पण ताई, खुरपणीला गेल्यावर तुम्ही तरी दुसरं काय करता?

लघवी वाहती असली की जंतू धुऊन जातात. तुंबली की त्यांचं फावतं. ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जंतू. मूत्रमार्गात शिरला की बारीक तंतूंनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, लुगड्याला कुसळ चिकटावं तसा. मग आग, थेंबथेंब लघवी. तिथून मूत्रपिंडात चढला तर त्याचं विष तिथल्या पेशी फोडतं. जखम भरते, व्रण राहतो. आणि व्रणाची जागा रक्त गाळीत नाही.

धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. पण हुडहुडी भरून ताप आला, बरगडीखाली पाठ दुखली, किंवा बाई गरोदर असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आग थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवू नका. धुताना पुढून मागं धुवा. आणि उद्या शेतावर एक जुनं लुगडं न्या. चार काठ्यांना बांधलं की आडोसा होतो.