विभागप्रमुखांना कोण शिकवणार? विद्यापीठातील एका दुर्लक्षित खुर्चीविषयी

विद्यापीठातील भेदभावाचा विषय निघाला की आपले निवेदन थेट कुलगुरूंकडे जाते आणि मोर्चा प्रशासकीय इमारतीवर धडकतो. ते चुकीचे नाही. पण संशोधन करणाऱ्या मुला-मुलींचा रोजचा संबंध कुलगुरूंशी येत नाही, तो विभागप्रमुखांशी येतो. मार्गदर्शक कोण मिळणार, संशोधन सल्लागार समितीची बैठक कधी लागणार, फेलोशिपच्या कागदावर सही आज होणार की पुढच्या महिन्यात, यातले बरेच काही त्याच केबिनमध्ये ठरते किंवा अडते. त्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला या कामाचे शिक्षण कोण देते? हा प्रश्न आपल्या चळवळीने आजवर फारसा विचारलेला नाही. तो का विचारायला हवा, हे आम्ही इथे मांडत आहोत.

पद मिळते, पण तयारी?

आपल्याकडे विभागप्रमुखपद साधारणपणे सेवाज्येष्ठता आणि आळीपाळी या मार्गाने, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांसाठी मिळते. कालपर्यंत वर्गात शिकवणारे प्राध्यापक आज वेळापत्रक, कार्यभार, तासिका तत्त्वावरील शिक्षकांची बिले, खरेदी, अंतर्गत गुण, पीएच.डी. प्रवेश आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारी या सगळ्याला जबाबदार होतात. आधीचे प्रमुख कपाटाच्या किल्ल्या आणि फायली सोपवतात. पुढचे काम बऱ्याचदा कार्यालयातील जुने कर्मचारी सांगतील तसे चालते. उत्तम संशोधक असलेली व्यक्ती उत्तम विभागप्रमुख असेलच असे नाही, कारण दोन्ही कामांना लागणारी कौशल्ये वेगळी आहेत.

केवळ ज्येष्ठता पुरेशी नसते, हे बौद्ध परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. विनयपिटकातील महावग्गात उपसंपदा देण्याविषयीचे नियम आहेत. आधी दहा वर्षावास पूर्ण झालेल्या भिक्खूने उपसंपदा द्यावी असा नियम झाला. पण दहा वर्षे होऊनही अजाण राहिलेले भिक्खू हे काम करू लागले, तेव्हा नियमात भर पडली: दहा वर्षे तर हवीतच, शिवाय तो भिक्खू जाणता आणि समर्थ हवा. शिष्य आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करणे हेही तिथे उपाध्यायाचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे अधिकारासोबत योग्यता आणि जबाबदारीही आली. आपल्या विद्यापीठांनी ज्येष्ठता ठेवली, योग्यतेचा भाग मात्र सोडून दिला.

प्रशिक्षणाची व्यवस्था आहे, मग अडचण कुठे?

देशात प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची यंत्रणाच नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. शैक्षणिक नेतृत्वासाठी २०१८ मध्ये 'लीप' नावाचा कार्यक्रमही आला. तरीही तीन अडचणी उरतात.

पहिली अडचण अटीची आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत उद्बोधन आणि उजळणी वर्गांची अट प्राध्यापकांच्या बढतीला जोडलेली आहे, विभागप्रमुखपदाला नाही. बढतीसाठी वर्ग पूर्ण होतात, प्रमाणपत्र फाइलला लागते. खुर्चीवर बसताना मात्र कोणी काही विचारत नाही.

दुसरी अडचण विषयांच्या मांडणीची आहे. मालवीय मिशनच्या आठ विषयांत 'शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन आणि व्यवस्थापन' हा एक विषय आहे आणि 'विद्यार्थ्यांमधील विविधता व समावेशक शिक्षण' हा दुसरा. नेतृत्वाचा वर्ग करणाऱ्याने समावेशनाचा वर्ग केलेला असेलच याची खात्री नाही. विभागात मात्र हे दोन्ही एकाच टेबलावर येतात. पीएच.डी.च्या मुलाखतीचे गुण देणे हे प्रशासन आहे आणि सामाजिक न्यायही.

तिसरी अडचण पद्धतीची आहे. काही प्राध्यापक मित्रांशी आम्ही याबद्दल बोललो. त्यांच्या सांगण्यानुसार या वर्गांत व्याख्याने भरपूर असतात, पण समोर एखादी खरी फाइल ठेवून 'आता तुम्ही काय निर्णय घ्याल?' असे क्वचितच विचारले जाते.

अज्ञानाची किंमत कोण मोजतो?

दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. शिक्षक पुरेसा वेळ देत नाहीत, अंतर्गत आणि तोंडी परीक्षेत दुजाभाव होतो, असे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले होते. यातली प्रत्येक गोष्ट विभागाच्या पातळीवर घडते. २०१२ मध्ये आयोगाने समतेविषयीचे नियम केले. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची तरतूद त्यांत आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, 'राखीव'चा शिक्का मारणे हे या नियमांनुसार भेदभावात मोडते. त्यानंतरही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी आपण गमावले. नियम कागदावर असतो. विद्यार्थी पहिल्यांदा दार ठोठावतो तेव्हा आत बसलेल्या व्यक्तीला तो माहीत असावा लागतो.

रोस्टरचेच पाहा. मार्च २०१८ मध्ये आयोगाने न्यायालयीन निकालाचा आधार घेऊन विद्यापीठाऐवजी विभाग हे आरक्षणाचे एकक ठरवले. त्या १३ बिंदूंच्या रोस्टरमध्ये अनुसूचित जातीची जागा सातव्या क्रमांकावर येत होती आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या. ज्या विभागात एका संवर्गाची पदेच सहा, तिथे आपला नंबर कधी लागणार? देशभर आंदोलन झाले, २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा झाला आणि विद्यापीठ हे एकक परत आले. एका तांत्रिक शब्दाने पिढ्यांचे नुकसान होऊ शकते, हे त्यातून दिसले. हा हिशोब न कळणारा विभागप्रमुख पदांची चुकीची माहिती पुढे पाठवतो आणि ती चूक वर्षानुवर्षे चालत राहते.

हा प्रश्न भारतापुरता राहिलेला नाही. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. आता तिथल्या विभागप्रमुखांनाही जात म्हणजे काय ते शिकावे लागणार आहे.

प्रशिक्षणात काय असावे?

आमच्या मते किमान एवढे हवे:

१. पद स्वीकारण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत सक्तीचे प्रशिक्षण, त्यातच आरक्षण, रोस्टर, २०१२ चे समता नियम आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याची माहिती.

२. पीएच.डी.ची प्रक्रिया. २०२२ च्या नियमांनुसार विद्यापीठाने स्वतः प्रवेश परीक्षा घेतली तर लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. हे ३० टक्के कशाच्या आधारावर द्यायचे, त्याची नोंद कशी ठेवायची, मार्गदर्शकाचे वाटप लेखी निकषांवर कसे करायचे, याचा प्रत्यक्ष सराव.

३. फेलोशिपची कागदपत्रे. बार्टीची असो वा केंद्राची, प्रगती अहवाल आणि घरभाडे भत्त्याच्या कागदांवर विभागाची सही लागते. ती किती दिवसांत व्हावी याची मुदत ठरलेली असावी. सही महिनाभर लांबली की विद्यार्थ्याची खोली आणि मेस अडचणीत येते.

४. तक्रार ऐकण्याचे कौशल्य. आलेल्या विद्यार्थ्याला 'समजून घे, वाढवू नकोस' असे न सांगता त्याचे म्हणणे लिहून घेणे, पोच देणे, योग्य कक्षाकडे पाठवणे आणि त्याच्यावर सूड उगवला जाणार नाही हे पाहणे.

५. विभागाचा स्वतःचा हिशोब. कोणत्या प्रवर्गातील किती विद्यार्थी आले, किती गळाले, मुलाखतीत कोणाला किती गुण मिळाले, हे दरवर्षी तपासणे.

प्रशिक्षणाने जातीयवादी मन बदलेल, अशी भोळी आशा आम्ही ठेवत नाही. पण 'मला नियम माहीत नव्हता' ही पळवाट त्याने बंद होते. आणि ज्यांचा हेतू चांगला आहे पण पद्धत माहीत नाही, अशा प्राध्यापकांना त्याचा मोठा आधार मिळतो.

आपण काय करू शकतो?

माहिती अधिकारात आपल्या विद्यापीठाला विचारा: गेल्या पाच वर्षांत किती विभागप्रमुखांना प्रशिक्षण दिले, विषय कोणते होते, भेदभावविरोधी अधिकारी कोण आहेत? उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. नोंदणीकृत पदवीधर म्हणून आपण अधिसभेवर सदस्य निवडून पाठवतो. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा ठराव मांडणार का, ते विचारा. विद्यार्थी संघटनांनी निवेदनात 'कारवाई करा' याच्यासोबत 'विभागप्रमुखांना प्रशिक्षित करा' ही ओळही लिहावी.

शेवटचा मुद्दा आपल्याच माणसांचा. आज आपले अनेक प्राध्यापक या खुर्चीपर्यंत पोहोचले आहेत आणि आणखी पोहोचतील. 'प्रशासनात कशाला पडायचे?' म्हणून काही जण पद टाळतात, तर काही जण तयारीविना स्वीकारतात आणि फायलींच्या कोंडीत सापडतात. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. संस्था चालवण्याचे काम त्यांनी कधी दुय्यम मानले नाही. निवृत्त झालेल्या आपल्या विभागप्रमुखांनी नव्यांसाठी वर्षातून दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तरी ही सुरुवात विद्यापीठाच्या आदेशाची वाट न पाहता करता येईल. जागा विहारात आहे, अनुभव समाजात आहे. तारीख तेवढी ठरवायची आहे.