काचेच्या डोळ्याचे गणित

वडोदऱ्याभोवतीच्या रासायनिक कारखान्यांत जाणारे कोणी ना कोणी आमच्या कितीतरी वाचकांच्या घरी असेल. बंद पात्रात काय खळखळते आहे, हे ते ज्या वाटोळ्या काचेतून न्याहाळतात, ती दाब सोसते तरी किती?

समजा, उघड्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आणि आतला दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो आहे. एवढ्याशा काचेवर ७८५ किलोंचा भार! त्याने ती चिरडत नाही. किंचित बाहेर फुगते, तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि ताणापुढे काच दुबळी. त्रिज्येला जाडीने भागावे, उत्तराचा वर्ग करावा, त्यास दाबाने व सुमारे १.२ ने गुणावे. जाडी २० मिलिमीटर असेल तर ताण ७५ किलो येतो. साध्या काचेस दीर्घकाळ सुमारे ७० हून अधिक देऊ नये, असा संकेत आहे. जाडी २५ केली की तोच ४८ वर उतरतो. तापवून झटकन थंड केलेली कडक काच याच्या कित्येक पट सोसते.

मात्र काचेचे बळ तिच्यावरील सूक्ष्म चिरा ठरवतात, हे ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखविले. तारेच्या ब्रशाने घासलेली काच गणितात कितीही बसो, तिच्यासमोर आम्ही तरी उभे राहणार नाही. चरा दिसताच ती बदलावी, आणि नवी बसविताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळीत जावे.