गायतोंडे यांची चित्रे आणि आपण

अमूर्त चित्रकला म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असे अमरावती-अकोल्याचे आपले कार्यकर्ते मला नेहमी ऐकवतात. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या शेजारच्या नागपुरात जन्मले. २०१४-१५ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. भिंती रंगवून पोट भरणाऱ्या आपल्या माणसाला ही मेहनत परकी वाटू नये. त्या चित्रांत ओळखीची वस्तू नसते. रंग आणि प्रकाश असतो, बाकीचे पाहणाऱ्याने अनुभवायचे.

मग ही कला आपल्याला दूरची का वाटते? २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७० कोटी रुपयांना विकले गेले. त्याची किंमत वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत आली. चित्र आले नाही. दोष चित्राचा नाही, ते कोणाला पाहायला मिळते या व्यवस्थेचा आहे.

आपल्या मुलांनी फक्त वेदनाच रंगवावी, असा आग्रह प्रस्थापितांनी धरला तर आपण संतापतो. तोच आग्रह आपण तरी का धरावा? संग्रहालयांनी अशी चित्रे जिल्ह्याच्या गावी आणावीत, ही मागणी विद्यार्थी-शिक्षकांनी लावून धरावी, असे मला वाटते.