विष पचविणारे जिवाणू

तेलकट डाग नुसत्या पाण्याने निघत नाहीत. म्हणून विसाव्या शतकात धुलाईगृहांतून व कारखान्यांतून क्लोरीनयुक्त द्रावके सर्रास वापरली जाऊ लागली. टेट्राक्लोरोएथिलीन हे त्यांपैकी एक होय. वापरलेली द्रावके पुष्कळ ठिकाणी जमिनीत मुरली. पाण्याहून जड असल्यामुळे ती भूजलात खोल उतरली आणि वर्षानुवर्षे थोडथोडी विरघळत राहिली. असे पाणी दिसावयास नितळ असते. परंतु पिणाऱ्याच्या आरोग्यास ते घातक ठरते. ते उपसून शुद्ध करावे, तर खोल दडलेला साठा लवकर संपत नाही.

या कामी एक अतिसूक्ष्म जीव मनुष्याच्या साहाय्यास आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी इथाका शहरातील सांडपाण्याच्या गाळातून मिळालेल्या एका जिवाणूचे वर्णन १९९७ साली प्रसिद्ध केले. डीहॅलोकोकॉइडीस हे त्याचे कुलनाम. आपण श्वसनासाठी प्राणवायू वापरतो. या जिवाणूस प्राणवायू मुळीच सोसत नाही. त्याऐवजी तो द्रावकाचाच उपयोग करतो! टेट्राक्लोरोएथिलीनच्या रेणूत क्लोरीनचे चार अणू असतात. जिवाणू ते एकामागून एक काढतो व त्यांच्या जागी हायड्रोजनचे अणू बसवितो. अखेरीस एथिलीन उरते. पिकणाऱ्या फळांतून बाहेर पडतो तोच हा वायू.

मात्र हे काम अर्ध्यावर थांबून चालत नाही. तीन अणू निघाले म्हणजे व्हिनाइल क्लोराइड तयार होते, आणि त्यापासून कर्करोग होतो. चौथा अणू काढू शकणारे जिवाणू फार थोडे. टेक्सासमधील केली हवाई तळाच्या भूजलात मूळचे जिवाणू दोनच अणू काढून थांबत. तेथे डीहॅलोकोकॉइडीस असलेले मिश्रण सोडण्यात आले, तेव्हा एथिलीनपर्यंतची मजल पुरी झाली. या प्रयोगाचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला.

या जिवाणूंची बडदास्तही ठेवावी लागते. त्यासाठी जमिनीत मळी किंवा वनस्पतितेल सोडतात. इतर जिवाणू ते आंबवितात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपतो आणि हवा तो हायड्रोजन मिळतो. एकट्याने न होणारे काम असे अनेकांच्या सहकार्याने तडीस जाते.

तरीही या कामास महिने, कित्येकदा वर्षे लागतात. द्रावक जमिनीवर ओतावयास मात्र एक क्षण पुरतो. हे ध्यानी घेऊन पाणी मुळात दूषित होऊ न देणे, हेच खरे शहाणपण होय.